जलदुर्ग करायचेत? आधी तिथी बघा

खांदेरी, उंदेरी, कुलाबा आणि संध्याकाळी जंजिरा, असा एका दिवसाचा बेत असेल तर तो आधी मोडा. पहिले तीन अलिबागजवळ, जंजिरा मुरूडला: अलिबाग एक दिवस, मुरूड दुसरा.

होडीवाल्याला फोन करण्याआधी कॅलेंडर उघडा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. पंचमीला पावणेचार, म्हणजे ओहोटी सकाळी दहाच्या सुमारास. कुलाब्याला चालत जायला उत्तम. अमावस्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास भरती असते, तेव्हा तो नाद सोडा. उधाणाचं पाणी झपाट्याने परततं, किल्ल्यात रेंगाळू नका.

खांदेरीला थळहून होडी मिळते. इथे मात्र भरपूर वेळ ठेवा. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी हे बेट बांधायला घेतलं, तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही अडवायला आले. महाराजांचे आरमारी सरदार मायनाक भंडारी आणि दौलतखान हटले नाहीत. पुढच्याच वर्षी सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावून तट उभारला. दोन्ही बेटं एका नजरेत आली की हे सगळं भांडण आपोआप उलगडतं. खांदेरीवर वेताळाचं ठाणं आहे, कोळ्यांची त्यावर फार श्रद्धा, चपला बाहेर. उंदेरीला खडकावरच उतरावं लागतं. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, नको म्हणाला तर वाद घालायचा नाही.

जंजिऱ्याला राजापुरीहून जा. गर्दी असते, गाइड घाईघाईने फिरवतात. मला विचाराल तर समोरचा पद्मदुर्ग जास्त आवडतो: लाटांनी दगड झिजलेत, मधला चुना तसाच! पावसाळ्यात होड्या बंद असतात, हे वेगळं सांगायला नको.