विचारा बिनधास्त: झूल निमुळती होते, गोलाची वाटी होते, बोटं दुखतात

मागच्या अंकात रुखवतातल्या क्रोशाच्या रुमालांचे फोटो छापले अन् तेव्हापासून पत्रं, व्हॉट्सॲप, व्हॉइस मेसेज सगळं क्रोशाचंच येऊन राहिलंय, म्हणून यावेळचं पान पूर्ण त्यालाच दिलं. एक गोष्ट आधीच सांगून टाकते कारण निम्म्या जणींनी तेच विचारलंय, की ऑनलाइन तो मोठ्ठा क्रोशा सेट मिळतो पाऊचसकट, तो घेऊ का. नका घेऊ. त्यातल्या दोन सुया वापरात येतात, बाकीच्या डब्यात पडून राहतात. आपल्या दोऱ्याला जुळणारी एक चांगली सुई घ्या, बाकीचं सामान घरातच आहे.

नातवाच्या तान्हा पोळ्यासाठी लाकडाच्या नंदीले क्रोशाची झूल करून राहिली. सुरुवातीले ३० खांब घेतले, आठ ओळी झाल्या तं २२ च उरले. दोन्हीकडून निमुळती झाली. मोजून मोजून डोस्कं दुखलं. काहून होते असं? – एक आजी, आर्वी तालुका

आजी, टाके गळून नाही राहिले, कडेचा खांब (सुईवर दोरा घेऊन घातलेला उंच टाका) सुटून राहिला. ओळ संपली की वळताना आपण तीन साखळ्या घालतो ना, त्या तीन साखळ्या म्हणजेच नव्या ओळीचा पहिला खांब. परत येताना अगदी शेवटी त्या साखळीच्या डोक्यावर एक खांब घालायचा असतो, पण ती दिसते बारीक, एका बाजूला झुकलेली, नजर तिला खांब समजतच नाही आणि आपण तिच्या अलीकडेच थांबून वळतो. झाला एक कमी. दर ओळीला एक गेला की आठ ओळीत आठ गेले, तुमचा हिशोब बरोब्बर जुळतो पहा. काही जणींचं उलटं होतं, तीन साखळ्या घातल्यावर त्याच बुडातल्या टाक्यात आणखी एक खांब घालतात, मग काम रुंद होत जातं.

यावर सोपी युक्ती म्हणजे सेफ्टी पिन. तिसरी साखळी घातल्या घातल्या तिच्यातच पिन अडकवायची, परत आल्यावर शेवटचा खांब त्या पिनेच्या जागी घालायचा आणि पिन काढून नव्या साखळीत लावायची. एवढं पाळलं आणि मधला कुठला खांब सोडला नाही की ३० च्या ३० मोजत बसावं लागत नाही. मुका खांब विणत असाल (व्हिडिओत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात तो बुटका टाका) तर मात्र वळताना एकच साखळी, ती मोजायची नाही, पहिला टाका बुडातच घालायचा. हे दोन नियम एकमेकांत मिसळले की गोंधळ झालाच समजा.

आणखी एक, झूल बुडाशीच आवळल्यासारखी दिसत असेल तर पहिली साखळी घट्ट पडलीय. ती साखळी एका मापानं जाड सुईने घाला आणि वरचं काम नेहमीच्या सुईने करा. आता झालेल्या आठ ओळींचं काय, तर उसवा, आठ टाक्यांचा फरक बॉर्डरनं झाकत नाही. एकदोन टाक्यांचा असता तर मी म्हटलं असतं राहू द्या, नंदीच्या पाठीवर कोण मोजायला जातं, मुलांचं सगळं लक्ष बोजाऱ्यावर (तान्हा पोळ्याला नंदी मिरवून घरोघर मिळणाऱ्या पैशांवर) असतं. शेवटी चारी बाजूंनी मुक्या खांबाची एक ओळ फिरवा, कोपऱ्यावर एकाच टाक्यात तीन, म्हणजे कोपरा वळत नाही. मग गोंडे लावा पाहिजे तेवढे.

महालक्ष्म्यांपुढे ठेवायला गोल आसन विणतेय. पहिल्यांदा त्याची वाटी झाली, उसवून परत केलं तर आता झालर झाली. सपाट होतच नाही. – कारंजा लाडच्या एक ताई

ताई, हे हाताचं नाही, आकड्याचं आहे. खांबाचा गोल सपाट हवा असेल तर पहिल्या फेऱ्यात १२ खांब, आणि पुढच्या प्रत्येक फेऱ्यात १२ च वाढवायचे, म्हणजे २४, मग ३६, मग ४८ असं. दुसऱ्या फेऱ्यात प्रत्येक टाक्यात दोन, तिसऱ्यात एका टाक्यात एक आणि पुढच्यात दोन, चौथ्यात दोन टाक्यांत एकेक आणि पुढच्यात दोन, असंच पुढे. मुक्या खांबाचा गोल असेल तर १२ च्या जागी ६, अर्ध्या खांबाचा (मुका आणि खांब यांच्या मधल्या उंचीचा टाका) असेल तर ८. वाटी होते म्हणजे वाढ कमी पडतेय किंवा हात फार घट्ट आहे, झालर होते म्हणजे वाढ जास्त झालीय. तुमचं दुसऱ्या वेळेस बहुतेक असं झालं असणार की वाटीच्या भीतीनं प्रत्येक फेऱ्यात दोन-दोन घालत गेलात.

दर दोन-तीन फेऱ्यांनी काम फरशीवर ठेवून पहायचं, मांडीवर नाही, मांडीवर सगळंच सपाट वाटतं. थोडीशी वाटी असेल तर घाबरू नका, पाण्यात भिजवून ताणून पिना लावल्या की बसते. झालर मात्र बसत नाही, ती उसवावीच लागते. आणि वाढीचे टाके दर फेऱ्यात एकावर एक आले की गोलाला कोपरे दिसायला लागतात, म्हणून वाढ थोडी इकडेतिकडे सरकवत चला. मधलं भोक मोठं राहतं अशी पण तक्रार होती तुमची, तर चार साखळ्यांची रिंग करण्याऐवजी दोऱ्याचा नुसता फास करा, त्यात पहिले खांब घाला आणि मग मोकळं टोक ओढा, भोक पूर्ण बंद होतं. ते टोक कापताना बोटभर तरी ठेवा अन् सुईने मागच्या बाजूला एकदा इकडून एकदा तिकडून लपवा, नाहीतर दोन धुण्यात फास सैल होतो.

दोरा घेताना लेबलवरचा शेड नंबर सगळ्याच पाहतात, लॉट नंबर (एका वेळी रंगवलेल्या दोऱ्याचा नंबर) कोणी पाहत नाही. एकाच शेडचे दोन लॉट दिव्याखाली सारखे दिसतात आणि उन्हात वेगळे. मोठ्या कामाला दोऱ्याची एक गुंडी जास्तीचीच घ्या, परत तालुक्याला जाईपर्यंत तो लॉट संपलेला असतो.

आमच्या इकडे एप्रिल-मेमध्ये हाताला इतका घाम येतो की दोरा काळा पडतो, सुई अडकते. लाईट गेली की काळ्या लोकरीचे टाकेही दिसत नाहीत. – मूल, जि. चंद्रपूर

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात विणायला बसता यातच तुम्हाला सलाम. एकतर लोकर उन्हाळ्यात बंद ठेवा, सुती दोरा काढा, आणि मोठी चादर मांडीवर घेऊन बसण्याऐवजी सुटे सुटे चौकोन करा, ते पावसाळ्यात जोडता येतात. सकाळी पडवीत तासभर जेवढं होईल तेवढंच. हाताला जराशी टाल्कम पावडर, सुई अधूनमधून कोरड्या फडक्यानं पुसायची. दोऱ्याची गुंडी किटलीत ठेवा आणि टोक तोटीतून बाहेर काढा, गुंडी लोळत नाही, धूळ लागत नाही आणि घरात मांजर असेल तर तिच्यापासूनही वाचते. किटली नसेल तर झाकणाला भोक पाडलेला प्लास्टिकचा डबा, पण भोकाची कड घासून घ्या, नाहीतर दोरा घासून विरतो.

काळ्या लोकरीसाठी मांडीवर पांढरा टॉवेल घ्यायचा, टाक्यांच्या भोकातून पांढरं दिसतं अन् सुई बरोबर जाते. तरी माझं ऐकाल तर काळ्या रंगाचं काम दिवसाच करा. टॉर्चच्या उजेडात केलेल्या दोन ओळी सकाळी उसवाव्या लागतात.

दिवसभर कापूस वेचते, रात्री क्रोशा. आता अंगठा अन् मनगट दुखते. सोडून देऊ का? – दारव्हा तालुका

सोडू नका पण वेचणीचे दिवस आहेत तोपर्यंत कमी करा, कारण दोन्हीकडे बोटं तीच चालतात, चिमूट तीच. दुखायचं मोठं कारण म्हणजे सुई बारीक असते आणि आपण ती आवळून धरतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून सुईच्या दांडीवर गुंडाळा, वरून दोऱ्यानं बांधा, दांडी जाड झाली की मूठ आपोआप सैल होते (टोकाकडचा भाग मोकळा ठेवा, नाहीतर टाक्यात जाणार नाही). पेनसारखी सुई धरत असाल तर काही दिवस चाकूसारखी वरून धरून पहा, काहींना तेच जमतं. दोरा डाव्या हाताच्या करंगळीला एकच वेढा घेऊन सोडा, तीन-तीन वेढे घेतले की दोरा ओढावा लागतो आणि खांदाही दुखतो. अर्ध्या तासानं सुई खाली ठेवायची, हात झटकायचे, चहाचं पाहायचं.

पण रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, किंवा हातातून भांडं सुटत असेल, तर ही सुईची गोष्ट राहिली नाही, डॉक्टरला दाखवा. मनगटात नस दाबली जाते तेव्हा असं होतं आणि ते अंगावर काढलं की वाढतं.

मी व्हिडिओ अन् इंग्लिश पॅटर्न पाहून शिकतेय. बाळाचं टोपडं मापाच्या दुप्पट उंच झालं, सगळं लिहिल्याप्रमाणेच केलं होतं. आणि मी डावखुरी आहे. – मोर्शीची एक कॉलेजवाली

बेटा, पॅटर्न ब्रिटिश असेल तर उंची बदलते. अमेरिकन पॅटर्नमधला डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, पण ब्रिटिश पॅटर्नमधला डबल क्रोशे म्हणजे मुका खांब, आणि आपल्या खांबाला ते ट्रेबल म्हणतात. तू मुक्याच्या जागी खांब घातलेस, झालं उंच. सुरुवातीलाच कुठं 'सिंगल क्रोशे' असं लिहिलेलं दिसलं तर पॅटर्न अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत सिंगल नसतोच. डावखुरी असशील तर व्हिडिओ चालू असलेला मोबाईल आरशासमोर धर, आरशातला हात तुझ्यासारखा चालतो. वेग अर्धा कर.

तोरण कडक कसं करायचं? आणि लाल दोऱ्याचा रंग पांढऱ्यात उतरला, तो जाईल का? – देऊळगाव राजा

उतरलेला रंग वाळला नसेल तर लगेच थंड पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळा, वाळला असेल तर आशा कमी. पुढच्या वेळी विणायच्या आधीच लाल दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून पहा, डाग पडला तर तो दोरा पांढऱ्यासोबत वापरायचाच नाही. कडक करायला साबुदाण्याची पातळ खळ नाहीतर भाताची पेज गाळून घ्यायची, तोरण बुडवून हलकं पिळायचं, जुन्या गादीवर प्लास्टिक टाकून त्यावर ताणून न गंजणाऱ्या पिना टोचायच्या आणि सावलीत वाळवायचं. सण झाला की खळ धुऊन मगच पेटीत ठेवा, खळीच्या वासावर झुरळं अन् उंदीर येतात, नक्षीवर त्यांना दया नसते. ॲक्रेलिक लोकरीवर गरम इस्त्री फिरवू नका, ती चिपकते आणि परत फुगत नाही.

आमच्या बचत गटाच्या बाया तोरणं करतात. बाजारात लोक म्हणतात एवढे पैसे काहून, घरीच तर बसून करता. भाव कसा ठरवायचा? – वर्धा जिल्हा

हा प्रश्न सगळ्यात जुना आहे. आंध्रात नरसापूरकडे बायका एकोणिसाव्या शतकापासून क्रोशाची लेस विणतात, मिशनऱ्यांनी शिकवलेली, ती परदेशात जाते, आणि तिथंही कितीतरी वर्षं पैसा व्यापाऱ्यांकडे राहिला कारण विणणारीचं काम म्हणजे रिकामपणचा उद्योग असं धरलं गेलं. तर तुम्ही तसं धरू देऊ नका. एक तोरण करताना घड्याळ लावा. दोऱ्याचे पैसे मांडा, मग तुमच्या गावात निंदणाला बाईला दिवसाची जी रोजी मिळते ती तासावर आणा आणि लागलेल्या तासांनी गुणा. त्यात पिशवी, येण्याजाण्याचं भाडं टाका. हा झाला कमीत कमी भाव, याच्या खाली नाही.

तो आकडा पाहून तुम्हीच दचकाल, मोठ्या तोरणाला गिऱ्हाईक मिळणं कठीण जाईल हे खरं. म्हणून मोठं काम फक्त ऑर्डरवर, अर्धे पैसे आधी घेऊन, आणि बाजारात लहान वस्तू ठेवा, की-चेन, केसाचे रबर, बाळाचे मोजे, लाकडी नंदीच्या झुली, ज्या एका बैठकीत होतात. कुणी म्हटलं मशीनवरची लेस स्वस्त मिळते, तर सांगा की मशीनची लेस वेगळ्या पद्धतीनं बनते, हातचा क्रोशा बाजारातल्या मशीनला अजून जमलेला नाही, पाहिजे तर दोन्ही शेजारी ठेवून दाखवा. आणि गटात सगळ्यांनी एकच भाव सांगायचा बरं का, एकीनं वीस रुपये कमी केले की दुसऱ्या आठवडी बाजारापासून तोच भाव होतो.