बुधवारची दुपार लेकीला परत दे

*ताई, नवऱ्याच्या नोकरीमुळे नाशिक सोडून फ्रान्समध्ये तुलूझला आलो, त्याला चौदा महिने झाले. तो विमान कंपनीत, उजाडताच जातो, रात्री आठला उगवतो. मी नाशिकला आठ वर्षं शाळेत गणित शिकवलं, इथे नुसती बसून आहे. माणसं फार तुसडी. दुकानात माझ्याकडे कोणी धड बघत नाही, मुलीशी मात्र हसून बोलतात. नवरा म्हणतो, "होईल सवय." डॉक्टरकडे तेवढं बुधवारी जाते, दुपारी लेकीला सुट्टी असते ना, तीच बोलते सगळं. सात वर्षांची आहे, पण फ्रेंच फाडफाड! परवा तिथेच मला विचारते, "आई, पाळी म्हणजे काय?" हसूच आलं. हे शहर कधी आपलं वाटेल का?*
*– एकटी, तुलूझ*

अगं एकटी,

तुझं पत्र तीन पानी होतं, इथे थोडक्यात छापलंय. त्यातली अडीच पानं नवऱ्यावर आणि फ्रेंचांवर. नवऱ्याचं नंतर बघू. खरं सांगायचं तर बघणारही नाही. मी अडकले त्या बुधवारापाशी.

सात वर्षांची पोर. दवाखान्यातल्या खुर्चीवर तिचे पाय जमिनीला टेकत नसतील, आणि ती आईचं पोटात दुखणं परक्या माणसाला समजावून सांगतेय. तुला हसू आलं? मला नाही आलं. उद्या त्या डॉक्टरने काही वाईट सांगितलं, तर ते आधी कोणाच्या कानावर पडणार? तुझ्याच वर्गातल्या एखाद्या पोरीवर हे ओझं दिसलं असतं, तर तू दुसऱ्या दिवशी तिच्या आईला शाळेत बोलावलं असतंस.

आता तो तुसडेपणा. फ्रान्समध्ये दुकानात शिरताना आधी 'बोंजूर' म्हणायचं असतं. म्हटलं तर बरं, एवढ्यावर ते सुटत नाही. न म्हणता थेट पाव मागणं म्हणजे लोकांच्या घरात चपलांसकट स्वयंपाकघरापर्यंत जाणं. तुमच्यात ते म्हणतं कोण? लेक. तू मागे पिशवी धरून उभी. जी बोलते तिच्याकडे बघून बेकरीवाली हसते, यात तिचं काय चुकलं?

उच्चार चुकतील, लोक हसतील, ही भीती असेल तर ऐक. तुलूझमध्ये पॅरिसहून आलेल्यालाही दुरुस्त करतात. चॉकलेट भरलेला तो खुसखुशीत पाव त्याने 'पँ ओ शोकोला' म्हणून मागितला, की समोरून 'शोकोलातीन' असं ऐकू येतं. (यावरून ते खरोखर भांडतात.) आणि मेट्रोत स्टेशनचं नाव फ्रेंचनंतर पुन्हा एकदा वेगळ्याच भाषेत पुकारतात, ते ऐकलंयस का? ती ऑक्सितान, त्या भागाची जुनी बोली. एके काळी शाळेत ती बोलल्याबद्दल पोरांना शिक्षा व्हायची. भाषेपायी मान खाली घालणं काय असतं, हे त्या गावाला तू शिकवायला नको.

तर डॉक्टरची पुढची वेळ मंगळवारी सकाळी घे. लेक शाळेत असताना. एकटी जा. वेळ घ्यायच्या 'डॉक्टोलिब' या साइटवर कोणता डॉक्टर कोणत्या भाषा बोलतो ते दिलेलं असतं, इंग्रजी बोलणारा शोध. नाहीच मिळाला, तर दुखतं तिथे बोट ठेव आणि म्हण, "ज्ये माल इसी." इथे दुखतंय, एवढाच त्याचा अर्थ. पाळीची तारीख कॅलेंडरवर दाखव, आकडे तर तुझ्या हातचा मळ. घाम फुटेल, फुटू दे. फ्रेंचचा क्लास लाव वगैरे मी सांगत बसत नाही. त्या खुर्चीवर एकदा एकटी बसलीस की वर्ग तूच शोधशील.

आणि बुधवारी दुपारी पोरीला कनाल द्यु मिदी या कालव्याच्या काठाने सायकल चालवू दे. वाटेत बेकरी लागली तर तिला सायकलपाशी थांबव. आत तू जा. दोन शोकोलातीन माग, एक तिला आणि एक तुला.

– तुझी ताई