वाचकांचे प्रश्न: चाकं आधी, बोगी नंतर

प्रश्न: प्लास्टिक शीट कापून एचओ मापात, म्हणजे १:८७ला, आयसीएफचा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) स्लीपर डबा बनवतोय. बॉडी झाली, बोगीच्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याच्या, बाजूच्या पट्ट्याही कापून ठेवल्यात. चाकांपाशी गाडी अडली आहे. क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेल्या खेळण्यांची चाकं पॉइंटवर (रूळ फुटतात त्या सांध्यावर) उतरतात. चोरबाजारात जुन्या जर्मन गाडीची धातूची चाकं मिळाली, पण ती रुळावर ठेवली की कंट्रोलर ट्रिप होतो. मुंबईत तयार चाकं मिळतील का, की लेथवर करून घेऊ?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: आधी जर्मन चाकांचं. ती बहुधा मार्कलिन या जर्मन कंपनीची असणार. मार्कलिनच्या एचओ गाड्या मधल्या खुंट्यांवरून वीज घेतात आणि दोन्ही रूळ मिळून एकच वायर असते, म्हणून त्यांच्या चाकांत इन्सुलेशन नसतं. तुमच्या १२ व्होल्ट डीसी दोन-रुळी लाइनवर अशी चाकजोडी म्हणजे सरळ शॉर्ट. जुना माल घेताना मल्टिमीटर बझरवर ठेवून एकेक टोक एकेका चाकाला लावा. वाजला तर चाकं दुकानदाराला परत द्या.

आता माप. आयसीएफच्या नव्या चाकाचा व्यास ९१५ मिमी, भागिले ८७ म्हणजे १०.५ मिमी. अमेरिकन पाकिटांवर हेच माप ‘३६ इंची’ म्हणून लिहिलेलं असतं. ‘३३ इंची’ म्हणजे ९.६ मिमी. ३६ मिळालं नाही तर तेही बेधडक लावा, कारण झिजून ८४० मिमीपर्यंत आलेली चाकं खऱ्या रुळांवर रोज धावतात. ब्रिटिश ओओची (१:७६ मापाची) १२.६ मिमीची चाकं मात्र नकोत. ती १:८७ला जवळजवळ १,१०० मिमीची होतात, डबा एक मिलिमीटर वर उचलला जातो आणि लगेच नजरेत भरतो.

व्यासावर लोक फार डोकं खपवतात. डबा उतरतो तो दुसऱ्याच मापांमुळे. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साधारण १४.४ मिमी हवं. चाकाची रुंदी २.८ मिमी, फ्लँजची (चाकाच्या आतल्या उंच कडेची) जाडी पाऊण मिलिमीटर आणि उंची ०.६५च्या आसपास. खेळण्यातल्या चाकाची फ्लँज जाड असते, ती पॉइंटच्या फटीत मावत नाही आणि चाक वर चढतं. तुमचं नेमकं हेच होतंय.

सुटी चाकं मुंबईत काउंटरवर मिळतील या भरवशावर राहू नका, बाहेरून मागवा. कॅडी किंवा इंटरमाउंटन या अमेरिकन कंपन्यांच्या चाकजोड्या घ्या. १२ ॲक्सलचं, म्हणजे १२ चाकजोड्यांचं, पाकीट घेतलंत तर एका डब्याला ४ प्रमाणे तीन डबे होतात. टपालखर्च आणि सीमाशुल्क धरता तिघांनी मिळून मागवणं परवडतं.

पाकीट हातात येईपर्यंत बोगी चिकटवू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. टोकदार ॲक्सलची लांबी कंपनीगणिक बदलते: अमेरिकन साधारण २५.७ मिमी, ब्रिटिश सुटे ॲक्सल बऱ्याचदा २६, युरोपियन त्याहून आखूड. डिजिटल व्हर्निअरने टोक ते टोक मोजा, मग बोगीच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर ठरवा. पट्टीला २ मिमीचं भोक पाडून पितळी बेअरिंग कप बसवा, ॲक्सलचं टोक त्यात फिरतं. दोन भोकांमधलं अंतर ३३.३ मिमी, कारण खऱ्या बोगीचा व्हीलबेस २,८९६ मिमी आहे. ॲक्सल आडवा ०.२ ते ०.३ मिमी हलला पाहिजे. त्याहून घट्ट झाला तर ब्रेक लागल्यासारखा डबा ओढावा लागतो, सैल झाला तर ॲक्सल कपातून खाली निसटतो. बोगी पितळेची केलीत तर इन्सुलेटेड चाकं सगळी एकाच बाजूला ठेवा. एक जोडी उलटी बसली की पुन्हा शॉर्ट, आणि ते शोधता शोधता संध्याकाळ जाते.

लेथचंही ऐका. करता येतं, पण कारागिराला तोंडी सांगून नव्हे. दहापट मोठं ड्रॉइंग द्या: ट्रेड (रुळावर टेकणारा भाग) १०.५, फ्लँजवरून व्यास ११.८, रुंदी २.८, ट्रेडला ३ अंशांचा उतार, फ्लँजच्या मुळाशी गोलाई. पितळी रॉड १२ मिमीचा. आठ चाकांपैकी चारांना २ मिमीचं भोक, उरलेल्या चारांना ४ मिमीचं. त्या चारांत डेलरिनचा (टणक, वीजरोधक प्लास्टिकचा) बुश, बाहेरून ४ आणि आतून २ मिमी. ॲक्सल सिल्व्हर स्टीलचा, टोक कपाच्या कोनापेक्षा निमुळतं. घोळ कुठे होतो सांगतो. कारागीर आधी चकत्या कापतो, मग एकेक चकती उलटी पकडून भोक पाडतो. भोक केसभर सरकतं आणि डबा लंगडत चालतो. ट्रेड, फ्लँज, ड्रिल, रीमर हे सगळं एकाच पकडीत झालं पाहिजे, चकती सगळ्यात शेवटी कापायची. ही अट मान्य नसेल तर दुसरा लेथवाला गाठा.

जाता जाता वजन बघा. या डब्याची लांबी २४५ मिमी येते, तेवढ्याला १६५ ग्रॅम वजन असावं. नुसत्या प्लास्टिकचा हलका डबा उतरतो आणि बोल चाकांना लागतो.

प्रश्न: थ्रीडी प्रिंटरमधली कड असलेली छोटी बेअरिंग चाकं म्हणून चालतील का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर: एफ ६२३ झेडझेड म्हणताय ना? नागदेवी स्ट्रीटवर विचारा. ३ मिमी भोक, १० मिमी बाहेरचा व्यास, ११.५ची कड. कागदावर छान जुळतं. पण कड पूर्ण १ मिमी जाड आहे. आतलं अंतर १४.४ ठेवलं तर दोन कडा धरून १६.४ होतात, आणि रूळ १६.५चे. वळणावर जाम. १४.०वर आणलंत तर साध्या रुळावर चालेल, पण पॉइंटच्या चेकरेलला (चाकाला आतून वाट दाखवणाऱ्या जादा रुळाला) घासेल. शिवाय कडेच्या मुळाशी गोलाई नाही आणि ट्रेडला उतार नाही. पॉइंट नसलेल्या गोल लाइनवर तपासणी ट्रॉली फिरवायची असेल तर लावा, ॲक्सल मात्र प्लास्टिकचा.

प्रश्न: माथेरानच्या गाडीचा डबा १:८७ला करायचाय. चाकं कुठली घेऊ?
— एक वाचक, बदलापूर

उत्तर: आधी रूळ ठरवा. नेरळ–माथेरानचं गेज (दोन रुळांमधलं अंतर) ६१० मिमी, म्हणजे १:८७ला ७ मिमी. एन गेजच्या (एचओहून लहान मापाच्या) ९ मिमी रुळावर केलंत तर ते ७८३चं होतं, ती कालका–सिमला झाली. झेडचे (एनहूनही लहान मापाचे) ६.५ मिमीचे रूळ घ्या. झेडची तयार चाकं जेमतेम ४ मिमीची असतात, तेवढी बारीक शोभत नाहीत. एनची ५.२ किंवा ५.७ मिमीची चाकं घेऊन आखूड ॲक्सलवर आत सरकवा. आतलं अंतर झेडच्या तयार डब्यावर मोजून तेवढंच ठेवा. नेरळला गेलात तर उभ्या डब्याच्या चाकाला टेप लावा आणि ८७ने भागा. सरकवलेलं चाक ढिलं वाटलं तर फेव्हिक्विक टाचणीच्या टोकाने फक्त आतल्या बाजूला, टिंबाएवढं. टोकाकडे वाहत गेलं तर कपात चिकटून बसतं.