तो राजा कुठला?

चिऊ,

काल फोनवर आवाज सारखा तुटत होता, नीट सांगताच आलं नाही. म्हणून हे पत्र. अक्षर लागलं नाही तर आजीकडून वाचून घे.

आजीबरोबर पुण्यातलं बाजीराव रस्त्याजवळचं केळकर म्युझियम बघून आलीस आणि मला विचारलंस, ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय, मग त्या राजाचं सिंहासन कुठेय? मुकुट कुठेय? नुसते अडकित्ते आणि दिवे!’ आणि लगेच पुढे, ‘माझ्या नावात मधे बाबाचं नाव का? तुझं का नाही?’ तुला हे दोन वेगळे प्रश्न वाटले असतील. पण दोन्हींची सुरुवात दारावरच्या त्या पाटीपासूनच करता येते.

पाटी आपल्या पद्धतीनं वाच. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. बाळ गंगाधर टिळक, म्हणजे गंगाधरपंतांचा मुलगा. भीमराव रामजी आंबेडकर, म्हणजे रामजींचा. मग राजा दिनकर केळकर कोण? दिनकररावांचा मुलगा, राजा. सिंहासन कुठून असणार गं! तो राजा नावाचा एक छोटा मुलगा होता आणि लहानपणीच गेला.

वस्तू जमवल्या त्या त्याच्या वडिलांनी, दिनकर गंगाधर केळकरांनी. 1920 च्या सुमारास सुरुवात केली आणि पुढे कित्येक दशकं गावोगाव हिंडून वीस हजारांवर वस्तू गोळा केल्या. तू पाहिलास तो त्यातला थोडासाच भाग, बाकीच्या मांडायला जागा नाही. 1975 मध्ये सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. आणि गंमत बघ, ते कविता लिहायचे त्या ‘अज्ञातवासी’ या नावानं. स्वतःचं नाव लपवणारा माणूस, पण मुलाचं नाव दारावर लावून ठेवलं. आपल्यात मूल वडिलांचं नाव घेऊन फिरतं. इथे वडिलांनी आयुष्यभराचं काम मुलाच्या नावानं केलं.

नुसते अडकित्ते म्हणू नकोस हं. सुपारी कातरायला दोन पाती पुरतात. तरी कुणीतरी बसून त्याला पोपटाचा, घोड्याचा आकार दिलाच ना? पाय घासायच्या वज्रीवरसुद्धा पक्षी बसवलेत. आंघोळीच्या दगडापाशी पडून राहणारी वस्तू ती! मुकुटांपेक्षा मला हेच जास्त आवडतं. मुकुट आपल्यापैकी कुणाच्या घरी होता? अडकित्ता आजीच्या पानाच्या डब्यात अजून आहे.

आता तुझं नाव. इकडे परदेशात, तुझ्या शाळेतल्या मुलांचं मधलं नावही त्यांचं स्वतःचंच असतं. म्हणून बाईंनी हजेरीत तुझं मधलं नाव मोठ्यानं वाचलं तेव्हा मुलगे हसले, ‘ही तर मुलाचं नाव लावते.’ त्यात त्यांची चूक नाही, त्यांना आपली पद्धत कुणी सांगितलीच नव्हती.

माझं नाव का नाही, याला मात्र माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. पद्धत होती तशी. माझंच मधलं नाव बघ. लग्नाआधी तुझ्या आजोबांचं होतं, नंतर बाबाचं झालं. एक पासपोर्ट, दोन दाखले, तीन प्रकारची नावं, आणि प्रत्येक खिडकीवर मी तेच पुराण सांगायचं! आजीचं तर पहिलं नावही बदललं. लग्नात ताटभर तांदूळ पसरतात आणि अंगठीनं त्यात नवरीचं नवं नाव लिहितात. लोक वाचतात, टाळ्या होतात, मग तांदूळ गोळा करतात. मी केला नव्हता तो प्रकार, त्यावरून थोडी कुरबूरही झाली होती.

आता महाराष्ट्रात नियम बदललाय. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असं लिहितात. तू त्याच्या बरीच आधीची. पण वहीवर तुला माझं नाव घालायचं असेल तर घाल की. बाबाला मी विचारलंय, तो म्हणाला, ‘मग नाव वहीच्या चौकटीत मावणार नाही, एवढंच.’

आजीला तिचं माहेरचं नाव विचार. दुपारी पान लावत बसते तेव्हा विचार, तेव्हा ती जास्त बोलते. आणि अडकित्ता हातात घेऊ देते का तेही बघ. मला कधीच देत नव्हती.

तुझी,
आई