लाय-ले आणि राइज-रेज यांतला गोंधळ कसा सोडवायचा?

तुम्ही विचारलंय की ‘लाय’ आणि ‘ले’, ‘राइज’ आणि ‘रेज’ परीक्षेत दर वेळी उलटसुलट होतात, काय करावं. नागपुरात महालमध्ये इंग्रजीच्या शिकवण्या घेतो, त्यामुळे हा प्रश्न दर बॅचला येतो.

पाठांतराच्या नादी लागू नका. झाड पडतं, आपण ते पाडतो. माणूस मरतो, कोणीतरी त्याला मारतो. ‘प’चा ‘पा’ झाला की करणारा वेगळा आला. इंग्रजीतही जुन्या काळी स्वर बदलून अशी प्रयोजक क्रियापदं बनत. त्यातल्या मोजक्याच जोड्या उरल्या: सिट-सेट, राइज-रेज, लाय-ले, आणि फॉल-फेल. हा ‘फेल’ नापासवाला नव्हे, झाड पाडण्याचा.

मे महिन्यात पारा आपणच चढतो, म्हणून ‘द टेम्परेचर रोझ’. ऑटोवाले भाडं वाढवतात, म्हणून ‘दे रेज्ड द फेअर’. वाढणे आणि वाढवणे, बस.

खरी गोम ‘लाय’मध्ये आहे. दुपारी कूलरसमोर आडवं होणं म्हणजे लाय, चटई अंथरणं म्हणजे ले. पण ‘लाय’चा भूतकाळही ‘ले’च, आणि ‘ले’चा ‘लेड’! ‘आय ले ऑन द मॅट’ म्हणजे मी चटईवर पडलो. ‘आय लेड द मॅट’ म्हणजे मी चटई अंथरली. तेव्हा ‘ले’ दिसला की लगेच ‘काय?’ असं विचारा. वाक्यात उत्तर असेल तर ठेवणं-अंथरणं. नसेल तर कोणीतरी काल आडवं झालं होतं. ‘लेन’ हे तिसरं रूप फक्त ‘लाय’चं. खोटं बोलण्याचा ‘लाय’ साधा आहे, लाइड-लाइड. त्याला यात ओढू नका.

‘रिमेंबर’ म्हणजे आठवणे, ‘रिमाइंड’ म्हणजे आठवण करून देणे; रूपं वेगळी, पण हिशेब तोच. ‘बॉरो-लेंड’ला मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे उसनं घेणं आणि उसनं देणं एवढंच बघा.

आणि चुकलात तर लाजू नका. नोकरीच्या पहिल्या वर्षी तापातून उठून मी रजेच्या अर्जात लिहिलं होतं, ‘आय वॉज लेइंग इन बेड फॉर थ्री डेज.’ कोंबडीच्या अंडी घालण्यालाही हाच ‘ले’ लागतो. शेजारच्या टेबलावरच्या सरांनी अर्ज वाचला, चष्मा खाली केला आणि म्हणाले, “काय सर, तीन दिवस अंडी देऊन राहिले होते का?”