किसणी कोणाच्या हातात?

प्रश्न : काकू, मी सांगलीची, लग्न होऊन इंदूरला आले. पावसाळा लागला की आमच्याकडे भुट्ट्याच्या किसाची फर्माईश सुरू होते. सासूबाई म्हणतात, कणसं किसणीवरच किसायची, मिक्सरला हात लावायचा नाही. खाणारे सगळे, आणि ऑफिसातून येऊन किसणारी मी एकटी. बोटं सोलून निघतात हो! मिक्सरने खरंच बिघडतो का?
— एक सूनबाई, सुदामा नगर

उत्तर : सूनबाई, चवीच्या बाबतीत सासूबाईंचंच बरोबर आहे. किसणीवर दाण्यातला गर आणि दूध तेवढं खाली पडतं, सालं बरीचशी दांड्यालाच राहतात. मिक्सरमध्ये सालासकट सगळं वाटलं जातं आणि कढईत त्याचा चिकट गोळा होतो.

पण किसणी तुझ्याच हातात का? हे तू विचारलंच नाहीस. आमच्या रामबागेतल्या घरात सासूबाईंचा दंडक होता : ज्याला किस खायचा, त्याने आपलं कणीस किसून द्यायचं. मामंजी ओसरीत वर्तमानपत्र अंथरून बसायचे, थोरले दीर कणसं सोलायचे. धाकटे भाऊजी सोलता सोलता कच्चे दाणेच इतके खायचे की त्यांना टोपलीपासून लांब बसवावं लागे. आमच्या ह्यांचा किस सगळ्यांत बारीक पडायचा. आजही पडतो, आणि पाहुण्यांना ते हे आवर्जून सांगतात. फोडणी मात्र सासूबाईंची, तिथे कुणाची लुडबुड नाही.

तेव्हा रविवारी सगळ्यांच्या हातात एकेक कणीस दे. सासूबाईंना फोडणीला बोलव, त्या खूश होतील.

कणसं देशी, कोवळी घे. दाण्यात नख रोवलं की दूध उडालं पाहिजे. स्वीट कॉर्न नको, फार गोड आणि पाणचट. 6 कणसांना 3 चमचे तूप, जिरं-मोहरी, हिंग, हिरवी मिरची, चिमूटभर हळद. जाड बुडाच्या कढईत किस आधी कच्चा वास जाईपर्यंत परत, मगच वाटीभर दूध घाल. दूध घाईने घातलंस तर लापशी होईल. मंद आचेवर दूध आटून तूप सुटू लागलं की मीठ, किंचित साखर, उतरवल्यावर लिंबू, कोथिंबीर, ओलं खोबरं. तळाची खरवड ज्याने जास्त कणसं किसली त्याला. आमच्याकडे ह्यावर भांडणं झाली आहेत, म्हणून आधीच ठरवून टाक.

प्रश्न : पुण्याहून मामेसासरे येताहेत. त्यांना सराफा, म्हणजे सराफ बाजारातली रात्रीची खाऊगल्ली, दाखवायचीय, पण ते साडेसातला जेवून झोपतात. काय करू?
— राजेंद्र नगरहून एक वाचक

उत्तर : दुपारी त्यांना मनसोक्त झोपू द्या आणि संध्याकाळी घरी स्वयंपाकच करू नका. दागिन्यांची दुकानं बंद झाल्यावरच तिथे खाण्याच्या गाड्या लागतात, लवकर नेलंत तर नुसतं सोनं बघून परत यावं लागेल. किसापासून सुरुवात करा. थंडीत येत असतील तर तळलेला गराडू (हा एक कंद), वर जिरावण म्हणजे इंदुरी चटपटीत मसाला आणि लिंबू, हे चुकवू नका. प्लेट एकच घ्या, चौघांत वाटून खा, म्हणजे रबडीपर्यंत पोटात जागा राहते. आणि मामेसासऱ्यांना उभ्याने खायची सवय नसेल तर गाडीत एक घडीचं स्टूल टाकून न्या.