ठाण्याहून एका दिवसात जाऊन येण्यासारखी संग्रहालये कोणती?

आपण नुकतेच ठाण्यात राहायला आला आहात आणि शाळकरी मुलांना घेऊन एका दिवसात जाऊन येता येतील अशी संग्रहालये आपण विचारली आहेत. मी ठाण्याचाच रहिवासी आहे. माझे मत असे की, ज्याला जुन्या ठाणे जिल्ह्याचा इतिहास वस्तुरूपाने पाहायचा आहे, त्याने सरळ मुंबईची लोकल पकडावी, कारण या जिल्ह्याच्या मातीत सापडलेले बरेच काही तिकडच्या दालनांत आहे.

एक पूर्ण दिवस काळा घोडा येथील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासाठी राखून ठेवावा. जॉर्ज विटेट यांनी आखलेली ही इमारत १९१४ साली बांधून झाली, महायुद्धाच्या काळात तिचा रुग्णालय म्हणून उपयोग झाला आणि १९२२ साली ती संग्रहालय म्हणून खुली झाली. तिला कुर्ल्याचा राखी आणि मालाडचा पिवळसर दगड वापरलेला आहे. ती बांधली जात होती तेव्हा ही दोन्ही गावे ठाणे जिल्ह्यातच मोडत होती, हे मुलांना आवर्जून सांगावे.

येथे सर्वांत आधी नालासोपाऱ्याचे अशोककालीन शिलालेख शोधावेत. अशोकाने ठिकठिकाणी कोरवलेल्या लेखमालेतील आठव्या लेखाचा तुकडा पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली मिळाला आणि नवव्याचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावात सापडला. आठव्या लेखात अशोक सांगतो की, पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, आपण मात्र धर्मयात्रा सुरू केली. तर नवव्यात लग्नकार्य, आजारपण आणि अपत्यजन्म या निमित्ताने लोक जे नाना विधी करतात, त्यांतील बरेचसे निष्फळ असल्याचे तो स्पष्टपणे म्हणतो. एवढा आशय आधी सांगून ठेवला, तर मुले त्या ओबडधोबड दगडांसमोर थांबतात. नाही तर ती चिलखते आणि तलवारींकडे धावतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. शिल्पदालनातील घारापुरीची महिषासुरमर्दिनीही चुकवू नये.

सोपाऱ्याच्या स्तूपातून निघालेला दगडी करंडक, त्यातील सोन्याची फुले आणि बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. तेथे मुळात ग्रंथालय आहे, त्यामुळे वस्तू पाहता येतील का, याची आधी चौकशी करूनच जावे.

दुसऱ्या दिवसासाठी भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय सुचवतो. १८७२ साली लोकांसाठी उघडलेले हे संग्रहालय आटोपशीर असल्यामुळे मुले कंटाळत नाहीत. जुन्या मुंबईतील निरनिराळ्या समाजांच्या मातीच्या प्रतिकृती, नकाशे आणि जहाजांचे नमुने पाहण्यात दोन तास सहज जातात. बाहेर उभा असलेला दगडी हत्ती घारापुरीचा आहे. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा उचलताना साखळी तुटून त्याचे तुकडे झाले. ते पुढे १९१४ साली जोडण्यात आले. बुधवारी हे संग्रहालय बंद असते.

वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र आणि आणिक आगारातील बेस्टचे छोटे संग्रहालय यांविषयी एवढेच सांगतो की, पहिले हाताळून पाहण्याची आवड असलेल्या मुलांसाठी आहे, तर दुसरे ट्राम आणि जुन्या तिकिटांमध्ये रस असलेल्यांसाठी. दोन्ही एकाच दिवशी उरकू नयेत.

लांब जाण्याची इच्छा नसेल, तर ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र जवळ आहे. ठाण्याहून वाशी किंवा पनवेलच्या लोकलने ऐरोलीला उतरावे. खाडीतील कांदळवन आणि तेथील जीवसृष्टी समजावून देणारे दालन पाहून झाल्यावर होडीतून रोहित पक्षी पाहता येतात, मात्र त्यासाठी हिवाळा किंवा उन्हाळ्याची सुरुवात साधावी. होडीची वेळ भरती-ओहोटीवर ठरत असल्याने ती आधी विचारून घ्यावी आणि दालन त्या वेळेच्या मागे-पुढे पाहावे.